कडी लागत नाही, कोणतं बटण दाबू?

दार लोटलं ना, तर खट् असा आवाजच झाला नाही हो! तुम्ही म्हणाल, नाही झाला तर नाही झाला, त्यात काय एवढं... अहो, पण परक्या देशात, पहिल्यांदाच, एकटी, हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर दार लोटल्यावर खट् व्हायला नको? मी आपली कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी बाई! हँडल ओढून बघितलं, तर दार लगेच उघडलं, कसलेच आढेवेढे नाहीत. आतली साखळी बघावी, तर तिचं एक टोक भिंतीला आणि दुसरं टोक... दुसरं टोकच नाही!

खाली गेले. काउंटरवर एक मिशाळ. म्हणाला, "जोरात ढकला मॅडम, लागेल." वर आले, जोरात ढकललं, खांदा दुखला, पण खट् नाहीच. म्हटलं मरू दे, बॅग टेकवून ठेवू. टेकवली, बूट काढले, केस सोडले, आणि बॅग सरकली! बॅग आपली आपण सरकते का हो? दारात एक धिप्पाड माणूस, एका हातात त्याची सुटकेस, दुसऱ्या हातात माझ्याच खोलीच्या नंबराचं किल्लीचं कार्ड! मी किंचाळले, मला बघून तो किंचाळला आणि पळाला. पण कार्ड घेऊन पळाला ना!

पुन्हा खाली, या वेळी बॅगेसकट. मिशाळ कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून म्हणतो, "त्या खोलीवर एकच नाव आहे, मॅडम. म्हणजे दुसरं कोणी आलंच नाही." मग मी काय भिंतीला बघून किंचाळले? दुसरी खोली द्या म्हटलं, तर हॉटेल फुल्ल.

आता तुम्ही विचाराल, दुसरं हॉटेल नव्हतं का? होतं की, समोरच! पण कंपनीचा नियम आहे, न विचारता हॉटेल बदललं तर पुढे होईल ते आपल्या जबाबदारीवर. आमच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी निघायच्या आधी अख्खा दिवस बसवून शिकवलं होतं हो. ज्वालामुखी फुटला तर काय, विमान पळवलं तर काय, पळवणाऱ्याकडे बघायचं कसं, नाही बघायचं कसं... आणि दर दहा मिनिटांनी छातीवर हात, "घाबरायचं नाही, आम्ही आहोत ना!" गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मशीन बसवायला दोघांनी जायचं ठरलेलं, सीनियरची ऐन वेळी पाठ धरली, मला एकटीला धाडलं, तरी विमानतळावर यांचा मेसेज काय? आम्ही आहोत ना!

म्हणून तिथेच लॉबीतल्या सोफ्यावर बॅग मांडीवर घेऊन बसले आणि या सुरक्षा अधिकाऱ्यांनाच फोन लावला. "सर, दाराची कडी लागत नाही."

"थांबा हं, बातम्या बघतो... नाही, तिकडे परिस्थिती एकदम शांत आहे."

"सर, परिस्थिती शांत आहे, पण माझ्या खोलीत माणूस शिरला!"

"हे बघा, हॉटेल बदलायचं तर हेल्पलाइनची मंजुरी लागते. त्यांना फोन करा. घाबरायचं नाही, आम्ही..."

मीच ठेवला.

हेल्पलाइनवर एक बाई, गोड गळ्याची, रेकॉर्ड केलेली. दंगल असल्यास एक दाबा, भूकंप असल्यास दोन, पूर असल्यास तीन, अपहरण झालं असल्यास चार... अहो, अपहरण झालेल्याला चार दाबू देतात? आणि कडी लागत नसल्यास? कडीला बटणच नाही! तीनदा ऐकलं, शेवटी देवाचं नाव घेऊन भूकंप दाबला. लगेच जिवंत बाई आली, "टेबलाखाली जा!"

"अहो, मी टेबलाखाली जाऊन काय करू? माझी कडी..."

"हलतंय का अजून?"

"मीच हलतेय! भूकंप नाहीये हो!"

"मग भूकंपाचं बटण कशाला दाबलंत?" असं खेकसली माझ्यावर, आमची आत्या तिच्यापुढे मवाळ! मग मी रडले. लाज सोडून, मोठ्याने रडले. तेव्हा कुठे विरघळली. "बरं बरं, रडू नका. आमचा तिथे स्थानिक प्रतिनिधी आहे, तुमच्यापासून अगदी जवळ. खोली बघेल, मंजुरीही तोच देईल. नंबर घ्या. आम्ही आहोत ना!"

नंबर लावला. रिंग गेली... आणि काउंटरवरचा फोन वाजला. म्हटलं, योगायोग. कापला, तो थांबला. लावला, तो वाजला.

उठले, मोबाइल कानाला तसाच धरून थेट मिशाळाच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, घाईघाईने कोटाचं बटण लावलं आणि मला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला थांबता का? इमर्जन्सीचा फोन आहे." आणि रिसीव्हर उचलला.

काय करता? झाले बाजूला, त्याच्याकडे पाठ केली आणि म्हटलं, "हॅलो..."