मच्छिंद्र आबांचा सत्कार

पोपट : न्हाई म्हणू नका, आबा. तंटामुक्ती समितीनं ठरवलंय. ग्रामसभेत शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार. तुमच्या एका फोनवर पोलीस आले आन् नदीकाठचे तंबू उठले.

मच्छिंद्र : सत्कार-बित्कार नको, पोपट.

पोपट : आवो, सुट्टीला पुण्याच्या पाव्हण्यांच्या गाड्या, रातभर गांजाचा धूर. बाया धुणं घेऊन घाटावर जायच्या बंद झाल्या हुत्या. कुणाची छाती झाली न्हाई, तुमची झाली.

सोजराबाई : आन् त्या तंबूत भाकरी कोण थापीत हुतं? तुझीच भावजय ना?

पोपट : भाकरीला ना न्हाई, काकी. म्हणून तर ठराव मांडतोय. तंबू चालू द्या, पण पंचायतीची परवानगी घ्या, पाव्हण्यांची नोंद ठेवा, गेटवर झडती घ्या.

सोजराबाई : गेटवर माझा विक्रमच हुता की. आता कोठडीत हाय.

पोपट : त्याच्याच सॅकमधी पुड्या घावल्या, काकी. समिती तरी काय करणार?

सोजराबाई : पाव्हण्यांनी मागितल्या, यानं आणून दिल्या. चुकलं त्याचं. पण पाव्हणे गाडीत बसून गेले. माझं पोरगं पायी कुठवर पळणार?

मच्छिंद्र : सोजरा, त्यो गेटवर असतो हे तुला ठावं हुतं?

सोजराबाई : व्हय. रांजणगावच्या कंपनीतलं काम दिवाळीतच सुटलं. तरी रोज युनिफॉर्म घालून निघायचा. डबा मीच भरून द्यायची. म्हनायचा, आबास्नी सांगू नगं, जिवाला लावून घेतील.

मच्छिंद्र : आन् मी गावभर सांगत फिरलो, पोरगा कंपनीत हाय म्हून.

सोजराबाई : तुम्ही तरी कुठं बोलला, पोलिसांना फोन लावतोय म्हून? एका शब्दानं बोलला असता, तर मी त्याला घरात कोंडून घातला असता हो!

(सोजराबाई पदरात तोंड लपवून रडते.)

पोपट : आज भेटला का विक्रम?

मच्छिंद्र : भेटला. जाळीच्या पल्याड हुता. रागावला न्हाई, रडला न्हाई. इतकंच इचारलं, "आबा, फोन तुम्हीच केला?"

पोपट : मग?

मच्छिंद्र : म्हनलो, व्हय रं. मला वाटलं, तू ड्युटीवर हायस.