दुसऱ्या भागाचा कौल

नाही, नाही, विनीतसाहेब, पुढे येऊ नका — तिथेच बसा, खांबाला टेकून — पाकळी आपली आपण पडायला हवी. वारा लागून पडली म्हणायला नको, म्हणून पंखासुद्धा बंद केलाय मी. किती वेळ? ते देवाच्या मनावर. कधी हात मागे घ्यायच्या आत पडते, कधी नैवेद्य होतो तरी चिकटलेलीच. देवाच्या उजव्या खांद्यावरची पडली तर होकार — तुमची माणसं खुशाल देवराईत शिरतील, सिरीजच्या दुसऱ्या भागाचं शूटिंग करतील — आणि डावी पडली तर गाड्या आल्या तशा परत. गावाने तसं ठरवलंय, पहिल्या भागाच्या वेळीही असंच ठरवलं होतं. मी गणपत गुरव काय, नुसता पाकळ्या लावणारा.

इथल्या लोकांना सिरीज कशी वाटली? असंच विचारताय की वर कुठे कळवायचंय? — बरं, असंच तर असंच. तोपर्यंत वेळ जाईल. आमचा लवू चहावाला म्हणतो, पुस्तकांपेक्षा सिरीज बरी. ज्यांवरून तुम्ही ती केलीत, त्या भक्तीबाईंच्या पाच पुस्तकांतलं एक त्याने उघडलेलं नाही, पण मत आहे, आणि ते गिऱ्हाईकाला चहाबरोबर मिळतं. अंगणवाडीची किशोरी म्हणते, एवढा काळोख केलाय की आपलंच गाव ओळखू येत नाही. आणि आमच्या घरी रुक्मिणीने चौथ्या एपिसोडला टीव्ही बंद केला तो केलाच. बायको माझी. तिला गाव ओळखू आलं हो — मुलगा ओळखू येईना.

आमचा सर्वेश तसा बघायला गेलात तर मुंगीलाही न दुखावणारा, पण दशावतारात राक्षस करतो, आवाज तसा आहे, उंची तशी आहे, आणि तुम्ही त्यालाच देवचार केलंत. आता देवचार म्हणजे आमचा राखणदार — वेशीवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, आम्ही त्याला भाकरी ठेवतो, विडी ठेवतो. भक्तीबाईंनी पुस्तकात तोच घेतला, पण सुरुवातीला वाचणाऱ्याला भीती वाटावी असा. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तो त्या चुकलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन रानात जातो, आणि चौथ्यात कळतं की पुराचं पाणी चढत होतं म्हणून नेलं होतं — आणून आईच्या हातात देतो. मी वाचताना रडलोय, खोटं कशाला सांगू. तुमचा पहिला भाग कुठे संपला? मुलगी खांद्यावर, मागे काळोख, आणि हा हसतोय. ते हसणं पुस्तकात नाही, साहेब. ते तुमचं.

आता काय झालंय, कट्टा गावच्या एसटी स्टँडवर सर्वेश उभा राहिला की बायका पोरांना जवळ ओढतात. सोंग आहे हे त्यांना कळत नाही का? कळतं. पण डोळ्यांनी बघितलेलं मनातून जात नाही. आणि शिरोड्याची ती आकांक्षा — लग्न ठरलं होतं ह्याच्याशी, साखरपुडा तेवढा राहिला होता — तिच्या आजीने, काशीबाईंनी, सिरीज बघितली आणि सांगितलं, आमची मुलगी त्या घरात नको. मी गेलो. समोर बसलो आणि शब्द दिला — दुसरा भाग येऊ द्या, हाच देवचार मुलीला परत आणतो, मी वाचलंय. त्या म्हणाल्या, बरं, आणू दे, मग बोलू. माझ्या मुलाचं लग्न तुमच्या दुसऱ्या भागावर थांबलंय — हसू नका हो, माझ्या घरात कोणी हसत नाही.

म्हणून म्हणतो, उजवी पडली तर — नाही, तसं नाही, गुरवाने कौलात आपलं मन घालायचं नसतं, मीही घातलेलं नाही. डावी तेवढी जरा दाबून — म्हणजे, बसत नव्हती नीट, म्हणून अंगठ्याने थोडी — सगळेच दाबतात. ते सोडा. तुम्ही तोंड असं का केलंत? बोला. इथे देवापुढे काय लपवायचं?

परत सांगा. मुलगी येत नाही? येत नाही म्हणजे? पुस्तकात येते. — लोकांना काय आवडलं? ते हसणं आवडलं. म्हणून लिहून पाठवलं, ह्याला चांगला करू नका — आणि हा देवचार आता तिला पुरात सोडून देणार, आणि शेवटच्या भागापर्यंत असाच. कोण हे लोक? शिरोड्याचे की कट्ट्याचे? खंयतरी बसान मोबाइलार मत देणारे, तेंका माझ्या झिलाचा, माझ्या सर्वेशाचा काय म्हायत? — भक्तीबाय काय बोलली? हक्क दिले, बोलणा संपला. बरा. — आणि सर्वेशाक म्हायत आसा ह्या?

कधीपासून?

दुसऱ्या भागाची सही करूच्या आधी. वाचून सही केल्यान. आणि तेनाच तुमका सांगल्यान, बाबांक कळूक देव नकात. — काल जेवताना तो माका इचारीत होतो, बाबा, शिरोड्याक परत कधी जातलंस. मी म्हटलंय, कौल होऊ दे. तो मान खाली घालून जेवलो. माका वाटला, लाजता.

थांबा. बोला नकात. उजवी हलली — ती बघा, कड सुटली. आता मी काय करू? हात लावूचो नाय, फुंकर घालूची नाय, माझ्या बापाशीन ह्याच शिकवल्यान. आणि डावी माझ्याच अंगठ्यान बसवलेली, ती कशी पडतली? बा देवा म्हाराजा, जरा धीर धर, माका जरा —

पडली.

उजवीच. तुमी बघलात, आता मी नाय कसा म्हणू? होकार झालो. देवाचो की माझ्या अंगठ्याचो, ता माका आता कधीच कळाचा नाय, आणि परत लावूक येणा नाय, एका कामाक एकच कौल. — नको, माझे आभार मानू नकात. उठा. भायर पायरेर सर्वेश उभो आसा, तेका होकार तुमीच सांगा. मी सांगलंय तर तो माझ्या पायां पडतलो, आणि माका आशीर्वाद देवचो लागतलो. जावा म्हणतंय ना. जावा.