मेंढरांचा वेढा

पद्माबाई : आन् मी उंबऱ्यातच बसलेली. तांदूळ निवडत. जित्ती! तर तुज्या अप्पानं माझ्याकडं ढुंकून बगितलं न्हाई. तडक आत गेले आन् खुंटीवरल्या माझ्या घोंगड्याला हात जोडून म्हनतेत, "रामराम ईनबाई, बऱ्या हाव का?"

मंगल : गंमत केली असंल, आत्याबाई. अप्पाची सवय तुमाला काय नवी हाय?

पद्माबाई : ईवायानं ईनीची गंमत करावं. लेक दिलीया माझ्या घरात, हक्क हाय त्येंचा. पन तोंडावर करावं. मदी घोंगडं कामून? ते बी कसर लागलेलं. मंजी मी तसली दिसते व्हय?

मंगल : मग तुमी काय म्हनलाव?

पद्माबाई : मी काय म्हनू? इच्यारलं घोंगड्याला, जवाब घोंगडं दील. सात वर्सं झाली तुज्या लग्नाला, सात वर्सांत ह्या मानसानं मला टोमना मारल्याबिगर पानी पिलं न्हाई. आज एकदम रामराम, आन् तो बी कापडाला.

मंगल : कुठं हायत आता?

पद्माबाई : मागं, हातपाय धुवायलेत. लई येळ झाला. हौद सापडंना जनू. मागल्या ऐतवारी बी बस राजेश्वरला थांबली, हे बसूनच. बसवकल्यानपतुर जाऊन माघारी आले. इच्यारलं तर "सहज गेलतो" म्हने. सहज कोन जातंय गं बसवकल्यानला, भर उनात?

मंगल : आत्याबाई, मी तुमाला सांगनारच होते. चिडू नगा.

पद्माबाई : असं म्हनलीस की मी आदीच चिडते. बोल.

मंगल : काल अप्पाचा फोन आलता कोळारहून. म्हनले, कंप्युटर क्लासात आमी दोघं खेळतो त्या दोन्ही मशीनवरला जुना गढीचा गेम काढ, आन् रवीभाऊनं पुण्याहून पाठवलेल्या सीडीतली नवी गढी टाक.

पद्माबाई : काढ मंजी?

मंगल : मंजी पुसून टाक. मशीनच्या पोटात जागा कमी हाय. पोरींच्या टायपिंगचं सामान बी त्यातच. दोन्ही गढ्या मावत न्हाईत.

पद्माबाई : आन् माझी लढाई?

मंगल : गेम पुसला की त्यातली लढाई बी गेली.

पद्माबाई : आठ म्हैन्याची लढाई! दर ऐतवारी, क्लास बंद असताना, हे त्या मशीनवर, मी ह्या मशीनवर, मदी तुजी वायर. तीनशे मेंढरं घालून बसले मी त्येंच्या गढीभवती. एक पेंडी कडबा ऱ्हायला न्हाई त्येंच्या रानात. अजून दोन ऐतवारात वेस उघडून शरन येत होते. आता कळलं मला, घोंगड्याला रामराम कामून ते. हरायला लागलं की सोंगट्या उधळून उठनाऱ्या लेकरावानी झालंय हे. मला तोंड दाखवायला लाज वाटायली, दुसरं काय न्हाई.

मंगल : ते म्हनतेत, जुनं झालं. दुनिया म्होरं गेली.

पद्माबाई : गेली असंल दुनिया. माझी मेंढरं तिथंच हायत.

मंगल : तुमी नवी गढी एकदा नीट बगा तरी. त्या तिसऱ्या मशीनवर टाकलीया मी. चित्रं बगा कसली ठळक हायत. मानसाला नाक-डोळे हायत.

पद्माबाई : बगितली. शुक्रवारी तू भाकरी करायलीस तवा बसले होते. एका गड्याच्या डोस्क्यावर उंदीर नेला आन् टिचकी मारली, लाकडं तोड म्हनून. तर मला म्हनतंय, "कामून गं?"

मंगल : काय म्हनतंय?

पद्माबाई : "कामून गं!" मला वाटलं मीच चुकीचं ऐकले. परत टिचकी मारली. परत तेच, आन् वरून हात उडवतंय. जुन्या गढीतला गडी "हूं" म्हनतोय आन् कुऱ्हाड उचलतोय. ह्येला आदी कारन सांगा, मग ते लाकडाला हात लावील!

मंगल : अवो आत्याबाई, इंग्रजी हाय ते. "कम ऑन, गो" म्हनतंय. मंजी चला, जाऊ या.

पद्माबाई : तिकडं काय का अर्थ असंना. राजेश्वरात आलंय तर राजेश्वरात त्येचा काय अर्थ व्हतोय ते बगून बोलावं. घरात एक "कामून" म्हननारा हाय तेवढा बास हाय मला. तुजा नवरा म्हैन्यातून एकदा हैदराबादहून येतोय, आन् दळन आन म्हनलं की कामून.

मंगल : हे मातर खरं हाय.

पद्माबाई : आन् मेंढरं? सगळा मुलूख हुडकले त्या नव्या गढीतला. एक मेंढरू न्हाई.

मंगल : काढलीत ती. आता लोखंडाच्या खानी हायत.

पद्माबाई : लोखंड खाऊन फौज जगती व्हय? माझा सासरा मेंढरं घेऊन निघाला की गावोगावचे पाटील आडवे यायचे. एक रात तरी आमच्या वावरात बसवा मेंढरं, लेंड्यानं रान सुधारतंय म्हनून. खानीला कोन बोलवतंय गं वावरात? कुनी केलीया ही दुसरी गढी? त्येच्या घरी मोठं मानूस न्हाई का कुनी?

मंगल : मी काय करू सांगा. हिकडं तुमी, तिकडं अप्पा. माझंच भरीत व्हायलंय.

पद्माबाई : तूच लावलीस चटक. "मी भाकरी टाकून येते, तवर मशीनपाशी बसा, हा उंदीर धरा" म्हनलीस. त्येचं इंग्रजी नाव तुला बी घेता येईना, डब्यावर चित्र हाय तसं गढी म्हना म्हनलीस. म्हनले. मला सही येत न्हाई, अंगठा लावते, पन गढी कशी राखावं ते आता मला शिकवायला लागत न्हाई. आले बग तुजे अप्पा. इच्यारते आता.

(योगीराज येतात. दारातल्या खुर्चीला गुडघा आपटतो. मग ती सरकवायचीच होती अशा ऐटीत खुर्ची ओढून बसतात.)

योगीराज : ही खुर्ची कोन ठेवलं हितं? एकदम बेकार जागा. मंगल बेटा, झालं का काम?

मंगल : न्हाई अप्पा. आत्याबाई म्हनतेत…

योगीराज : ईनबाई! हितं हाव व्हय तुमी?

पद्माबाई : हितंच हाव. घोंगडं आत हाय. बोलावू का त्येला? ईवाई आलेत म्हनून सांगते.

योगीराज : नक्को नक्को. ते तुमच्यापरीस कमी बोलतंय, म्हनून आदी त्येलाच भेटून घेतलो.

पद्माबाई : जीभ हाय मनायची ठिकान्यावर. मग सांगा आता, माझी लढाई पुसायला कोन सांगितलं?

योगीराज : अवो, जुनी चीज कवापतुर कवटाळून बसताव? बिदरजवळ कोळारच्या गोदामात बावीस वर्सं राखन केलो मी. नवा माल आला की जुना भायेर. कायदाच हाय.

पद्माबाई : मग तुमाला कामून ठेवले बावीस वर्सं?

योगीराज : मी माल न्हाई, मानूस हाय.

पद्माबाई : मानूस असताव तर वेस उघडून सामने आलाव असता. हरायलाव म्हनून पळायलाव तुमी.

योगीराज : योगीराज पळत नसतोय! बिलकुल न्हाई!

पद्माबाई : मग बसा त्या मशीनवर. आजचा डाव खेळा. माझी मेंढरं हटवलाव तर म्या सवता मंगलला सांगते, पुस म्हनून. न्हाई हटवलाव तर जुनी गढी जाग्यावर ऱ्हातीया. बोला, कबूल?

योगीराज : आज? आज नक्को. डोस्कं दुखायलंय.

पद्माबाई : डोस्कं घोंगड्यावर ठेवा, गार हाय. कबूल का न्हाई?

योगीराज : …कबूल.

मंगल : लावते. अप्पा, हा घ्या माऊस. न्हाई, हिकडं. तो पानतांब्या हाय.

योगीराज : ठावं हाय मला. तहान लागली होती.

मंगल : ही तुमची गढी मदोमद, तांबड्या निशानाची. आन् आत्याबाईची…

योगीराज : दिसायलंय गं, दिसायलंय. बावीस वर्सं राखन केलो मी.

पद्माबाई : सरकले मी.

योगीराज : कुनीकडं?

पद्माबाई : तुमच्या येशीम्होरं.

योगीराज : तौबा तौबा! ही फौज कवा जमवलाव तुमी? मंगल, वेस लाव! न्हाई, मीच लावतो. कोठार पेटवतो! दुश्मनाला एक दाना मिळू देनार न्हाई!

मंगल : अप्पा, थांबा, थांबा, तिथं टिचकी…

योगीराज : पेटवलो! घ्या!

मंगल : अप्पा, ते कोठार न्हाई. तुमचा तबेला हाय तो. सगळी घोडी आत होती.

योगीराज : मुद्दामच पेटवलो. घोडी दुश्मनाच्या हाताला लागायला नक्को.

पद्माबाई : ईवाई. येशीम्होरं काय हाय म्हनलाव?

योगीराज : फौज.

पद्माबाई : कशी हाय?

योगीराज : दीड-दोनशे असतील. पांढऱ्या कपड्यातले.

पद्माबाई : चालतेत कसे?

योगीराज : हळूहळू. अंगाला अंग लावून. मुंड्या खाली घालून. शिस्त लई हाय, मानलो मी तुमाला.

पद्माबाई : मंगल, सांग तुज्या अप्पाला, काय हाय ते.

मंगल : अप्पा… मेंढरं हायत ती.

योगीराज : मेंढरं?

पद्माबाई : मेंढरं. आठ म्हैने हायत तिथं. तुमी झोळीत होताव तवा झोळी मेंढराच्या कळपात टांगलेली असायची, तुमीच सांगितलाव मला. आज मेंढराला फौज म्हनायलाव. घोंगड्याला ईनबाई, मेंढराला फौज, तांब्याला उंदीर. म्या सकाळधरनं जळायलेय, हा मानूस मला खिजवायलाय म्हनून. कवापासून दिसंना तुमाला?

योगीराज : दिसतंय की. जरा धुकं असतंय.

पद्माबाई : चैताच्या उनात धुकं?

मंगल : अप्पा, खरं सांगा.

योगीराज : मोतीबिंदू म्हनलाय डाक्टर. दोन्ही. रवीला नक्को सांगू बेटा.

मंगल : कामून? भाऊ हाय माझा. त्येला कळायला नगं?

योगीराज : पुण्याला घेऊन जाईल ना तो! तिसऱ्या मजल्यावर त्येची खोली. सकाळी दोघं नवरा-बायकू भायेरून कुलूप घालून कामाला जातेत. दिवाळीत गेलतो ना मी. खिडकीतून समोरची खिडकी दिसतीया, आन् त्या खिडकीत बी एक म्हातारा. धा दिस एकमेकाला बगत बसलो, नाव बी कळलं न्हाई. आता नेला तर तो म्हातारा बी दिसनार न्हाई मला. आन् परत सोडनार न्हाईत. एवढा ऐतवार हाय ईनबाई, त्येच्यावर बाकीचे सा दिस काढतो मी.

पद्माबाई : म्हनून नवी गढी.

योगीराज : तुमी मागल्या ऐतवारी च्या करायला गेलाव, तवा त्या तिसऱ्या मशीनवर बगितलो. नाकं दिसली मला! जुन्यात मानसं जवारीच्या दान्याएवढी. नव्यात दिसतेत. म्हनलं, हे टाकून घेतलं तर अजून साल-दोन साल निभून जाईल. कुनाला कळनार न्हाई.

पद्माबाई : आन् मला काय सांगनार होताव?

योगीराज : हरायलो म्हनून पळायलो, असं तुमी म्हननार होताव. म्हनू द्या म्हनलं. आंधळा म्हनन्यापरीस ते बरं.

मंगल : अप्पा, बुधवारी बिदरला शिबिर हाय डोळ्याचं. मी नेते. रवीला मग सांगू, नीट दिसायला लागल्यावर. आन् पट्टी सुटेपतुर हितं ऱ्हावा. थेंब घालायला कोन हाय तुमच्या कोळारच्या खोलीत?

योगीराज : लेकीच्या घरी? पंधरा दिस? नक्को. दर ऐतवारी येतो तर भाकरी सवताची बांधून आनतो मी. लेकीच्या घरचा घास न्हाई खाल्लो आजपतुर. आता खाट टाकून पडू, आन् तिच्या सासूच्या हातचं खाऊ? अन् ते सुई घालतेत म्हने डोळ्यात…

मंगल : अप्पा, असं काय करताव?

योगीराज : नक्को म्हनलो ना. पुसून टाक ती जुनी गढी. न्हाईतर मी येतच न्हाई पुढल्या ऐतवारी.

पद्माबाई : झालं दोघांचं बोलून? आता मी बोलते. ईवाई, हिकडं बगा. हिकडं! मी हितं हाय, ते मशीन हाय. लेकीच्या घरी पाव्हना म्हनून तुमाला यायचं न्हाई, तर नगा येऊ. कुनी बोलावलं बी न्हाई. पन तुमचं रान खाल्लं म्या, तबेला तुमीच जाळलाव, आन् येशीत माझी मेंढरं हुबी हायत. तुमी धरल्या गेलाव. आजपासून माझे कैदी हाव. कैद्याला कुनी इच्यारत न्हाई, जेवताव का म्हनून. म्होरं ताट येतंय, तो खातोय. बुधवारी मंगल तुमाला बिदरला नेईल, सुईला भ्यालाव तर घोंगडं संगं न्या, त्येच्याशी तुमचं जमतंय. पट्टी सुटेपतुर माझ्या वसरीवर खाट. मंगल, उंदराला हात लावू नगं, जुनी गढी हाय तशी ऱ्हाऊ दे. आन् ईवाई, घाई करू नगा. तुमाला नीट दिसायला लागेपतुर मेंढरं तुमच्याच रानात बसवून ठेवते. तेवढंच खत व्हईल.