एवढी एक पाहून घ्या

...आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं झाले खामगावात साड्या विकून राह्यलो, गिऱ्हाईक कसं बसवायचं हे मले कोणी शिकवावं? शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं या गादीवर शिकलो. दुकानात घड्याळ नाही, बाहेरचं ऊन आत दिसू देत नाही, चांगली साडी आधी काढत नाही, अन् बाई उठाले लागली का हळूच म्हणायचं, "ताई, एवढी एक पाहून घ्या." पिंपळगाव राजाच्या गोजरबाई सकाळी फॉल घ्याले आल्या होत्या, दुपारची एस्टी निघून गेली तरी बसूनच! जाताना म्हणे, "शेषरावभाऊ, दुकानात करणी-बिरणी केली का हो?" मी हसलो. तवा हसलो!

अन् मग माह्याच पोरीले, निशिगंधाले, माह्याहून पक्क्या दुकानदारानं बसवलं. बारावीची पोरगी, बोर्डाले महिना राह्यला, अन् सराव परीक्षेत रसायनशास्त्रात नापास. फोन घेतला कायले? अभ्यासाच्या ॲपले! त्यात एक खार आहे. रोज एक प्रश्न सोडवला का तिले दाणा मिळते, दिवस चुकला का रडते... 'निशिगंधा, तू आली नाहीस. मी वाट पाहतेय.' तुम्हाले सांगतो, आपण बी एवढे पक्के, पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन रडलो नाही कधी! पोरगी एक प्रश्न सोडवे, अन् त्याच हातानं बाजूचं व्हिडिओवालं उघडे. नाच, मेंदी, मांजरी, एकाखाली एक, कापडाचं थान उलगडावं तसं. पण थानाले शेवट असते ना? मी स्वतः अंगठ्यानं सरकवत गेलो. शेवटच नाही हो!

एक दिवस दुपारी जेवाले घरी गेलो, तर पोरगी पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली. फोन तिकडं सैपाकघरात, चार्जिंगले. अन् तिचा अंगठा पानावर... खालून वर, खालून वर. मी हात धरला. माह्या मुठीत बी हलतच होता.

उठल्यावर सांगितलं, तर तिनं स्वतःच फोन आणून दिला. म्हणे, "बाबा, पेपर होईपर्यंत तुम्हीच ठेवा. मी उठतो म्हणतो, पण उठताच येत नाही. फक्त खारीले रोज दाणा घाला, एकशे ब्याण्णव दिवस झाले."

एवढंच ना? घातला दाणा. उत्तर चुकलं, तर खारीनं माहीच समजूत काढली! दुसऱ्या दिवशी सहज बाजूचं उघडलं, तिच्याच मांजरी. तिसऱ्या दिवशी मांजरी गायब... पैठणीचे काठ, हातमाग, अन् त्याखाली गुडघेदुखीचा इलाज. मी काही नाव सांगितलं नव्हतं. गुडघा दुखते हे तर घरी बी सांगितलं नव्हतं! मग समजलं, मी कुठंतरी पाहत थांबलो असन, तेवढ्यावरून ओळखलं. काऊन नाही ओळखणार? बाईचा हात कोणत्या रंगावर थांबला, हे मी बी तसंच पाहतो ना... पण मी समोर बसून पाहतो. हा कुठं बसला आहे हो?

रसायनशास्त्राचा पेपर झाला त्या दिवशी पोरगी सरळ दुकानात आली. म्हणे पेपर चांगला गेला, द्या फोन. मी म्हटलं, "थांब बेटा, एवढं एक पाहू दे."

ती तिथंच उभी राह्यली, किती वेळ ते मले समजलंच नाही. मग हळूच म्हणे, "बाबा, गोजरकाकू लग्नाचा बस्ता घ्याले आल्या होत्या. तीनदा हाक मारून उठून गेल्या."

माह्या दुकानातून! गिऱ्हाईक, उठून! पोरीनं फोन घेतला अन् माह्यासमोर सगळं काढून टाकलं. त्यानं तिले तीन-तीनदा विचारलं, 'खरंच जातेस?' माह्याच आवाजात विचारल्यासारखं वाटलं मले.

त्याले आठ दिवस झाले. पोरगी उठली, सुटली. मी बी बराच आहे म्हणा... तुम्ही त्या माह्या मांडीवरच्या साडीकडे नका पाहू. अंगठा आहे, हलते आपला, खालून वर. मी काही त्याले सांगत नाही. अन् तुम्ही कुठं निघाले? बसा हो... एवढी एक पाहून घ्या.