अर्धा कप चहा

माझं नाव किसन, गाव कुरुंद्याच्या अलीकडं, बाप हमाल, मीबी हमाल. जमीन आमच्या नावावर कधी नव्हती, पाठ व्हती, ती दिली कामाला. मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, हळद यायला लागली की पोत्यांचे डोंगर लागतात, अन् तुमी जी चिमूटभर टाकता ना भाजीत, ती कोणाच्या तरी पाठीवरून आलेली असती, काय सांगू तुम्हाला.

आमच्यात एक रीत हाय. गाडी भरून झाली की चहावाला हमालाचा कप अर्धाच भरतो. त्याला कोणी शिकवलं न्हाई. पूर्ण भरला तर सांडतो, हात कापतात म्हणून. कापतात म्हणजे कसे, मन म्हणतं धर, हात म्हणतो धरलंय, अन् बघावं तर बोटं ढिली. न्हाईतर उलटं, कागदाचा कप इतका आवळला जातो की चेंबतोच. पोतं सकाळचं तेच असतं, सांजच्याला दुप्पट वाटतं. आमी हसायचो त्याला. दौलत, माझ्या टोळीतला, म्हणायचा, किसनदादा, तुमच्या हातात खुळखुळा द्यावा, लेकरू आपोआप निजंल.

त्या दिवशी दोन गाड्या झाल्या, दिवस मावळायला आला, अन् व्यापाऱ्यानं तिसरी लावली. मी मुकादमाला म्हणलं, भाऊ, हातात काही राहिलं न्हाई आता, सकाळी भरू. तो म्हणला, काहून, सासुरवाडीला जायचंय का? आमची पद्धत अशी, दोघं पोतं उचलणार, तिसरा पाठ देणार, अन् त्यानं हां म्हणल्याबिगर हात सोडायचा न्हाई. पाठ दौलतची व्हती. त्यानं हां म्हणलंच न्हाई. अन् मी सोडलंबी न्हाई, खरं सांगतो, मला वाटत व्हतं मी धरलेलंच हाय. हात आपल्यानंच उघडला. पोतं तिरपं झालं, दौलत खाली, गुडघा गेला त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात टोळीची बैठक बसली. व्यापारी म्हणला, हा पिऊन आलता, हात कापत व्हते, सगळ्यायनं पाहिलं. मी पिणारा? विहारात पंचशील म्हणणारा माणूस मी, दारूला कधी शिवलो न्हाई. मुकादमानं काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. थेंब सांडला न्हाई. वाटलं, सुटलो. तर तो म्हणतो, बघा, सकाळी बराबर, सांजच्याला कापतो, मंग दारूच की. मी म्हणलं, आधी दोन गाड्या भरू द्या, मंग द्या ग्लास, अन् माझ्या एकट्याच्या न्हाई, सगळ्यायच्या हातात द्या. कोणी मान वर केली न्हाई. सगळ्यायला उद्या कामाला यायचं व्हतं. दौलतच्या इलाजाचा पैसा व्यापारीच देऊन राहिला, तो तरी काय बोलंल. मला टोळीतून काढलं.

दौलतला बघायला दवाखान्यात गेलो, तिथं डॉक्टरीणबाईला इचारलं, सांजच्याला हाताचं असं काहून व्हतं. त्या म्हणल्या, बाबा, शरीर लई थकलं की मेंदूचा निरोप नसांतून हातापर्यंत बराबर पोचत न्हाई, अन् जोर किती लावला हे मेंदूलाबी कळत न्हाई. म्हणलं, ताई, एवढं मोंढ्यात येऊन सांगता का? त्यायनं पुढच्या पेशंटला हाक मारली. मंग म्हणल्या, आराम करा.

आराम काय, आता शेळ्या राखतो. सांजच्याला फाट्यावर चहा पितो, पूर्ण कप, हात दगडासारखा. ओझं न्हाई तर कापंल कशाचा. अन् बाकड्यावरचे म्हणतात, बघा, सुटली म्हाताऱ्याची दारू. काय बोलू, बोलून बोलून थकलो. आता पिऊन घेतो चहा गुमान.

दौलत मात्र लंगडत का व्हईना, चालू दे बिचारा, त्याच्यावर राग न्हाई. तुमी लिहून राहिले तर एवढं लिहा, मोंढ्यात नवी पोरं लागलीत. त्यायच्या हातून सांजच्याला चहा सांडला, तर तोंडाचा वास घेऊ नका. आधी मागं भरून उभी गाडी बघा.