एक ठेवायची, एक विकायची

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक आजोबा वॉकर धरून बसले होते. आजींनी मोबाइलवर दोन जुन्या गाड्यांचे फोटो उघडले होते.

"अहो, लेक म्हणते दोन्ही विकून टाका. मी म्हटलं, एकच विकू. बोला, कोणती?"

"स्पिटफायर. एमजीबी राहू दे. तिचं इंजिन मोठं, दम जास्त."

"तिच्यात आहे हो दम, तुमच्या गुडघ्यात कुठे आहे?"

"म्हणून तर आलोय ना इथे!"

"एमजीबीच्या इंजिनात हात घालायचा तर तासन् तास ओणवं उभं राहावं लागतं. जमणार आहे?"

"बघू."

"काय बघू? स्पिटफायरचं बॉनेट कसं, अख्खं नाकच पुढे उलटतं. पुढची चाकं उघडी पडतात. तुम्ही टायरवर बूड टेकून आरामात काम करायचात. चहासुद्धा मी तिथेच आणून द्यायचे."

"तुला बरं आठवतं!"

"पँटवरचे काळे डाग कोण काढत होतं?"

"पण एमजीबी पळते काय, अगं!"

"पळते? गेल्या सहा वर्षांत फाटकापर्यंत तरी गेलीय का?"

आजोबांनी मोबाइल स्वतःकडे ओढला आणि एकच फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला.

आतून हाक आली, "आजोबा, या. आज गुडघा कितपत वाकवायचा?"

"स्पिटफायरच्या टायरवर बसता येईल एवढा."