तिसऱ्यांदा विचारायच्या आधी

नको नको, कॉफी नको लायल, घरून पिऊनच निघालोय. तू आपलं त्या जनरेटरचं सांगत होतास ते पुरं कर. हा लाल — आवाज कमी करतो म्हणतोस. कमी म्हणजे किती कमी? सगळे असंच म्हणतात रे. गेल्या हिवाळ्यात त्या हॅल्व्हरसनने आणला होता असलाच एक, म्हणे कुजबुजल्यासारखा चालतो. कुजबुजतोय कसला! अख्ख्या गोठलेल्या तळ्यावर ऐकू जायचा. मासे सोड, शेजारचे दोघे बर्फावर मासे धरायला मांडलेल्या आपापल्या खोप्या ओढत पार पलीकडच्या काठाला गेले. बर्फ म्हणजे ढोलाचं कातडं आहे बाबा, वर टिचकी मारली की खाली घुमतं. आणि मला आवाज नकोच आहे. मला नाही — म्हणजे मला चालला असता, मला आता एका कानाने तसंही कमीच ऐकू येतं. पण खोपीत शांतता हवी. मासा लागल्याचं ऐकू यायला नको का?

जरा थांब हं, खिडकीतून बघू दे. गाडी चालू आहे ना? आहे, धूर निघतोय. मुद्दाम चालू ठेवलीय मी, बंद करायची नाहीये. हां, तर काय म्हणत होतो — काय काय चालवायचंय? काय असणार रे खोपीत! दोन दिवे. तो पाण्याखालचा कॅमेरा, जावयाने दिलेला, त्यात मासा आमिषाकडे बघून तोंड फिरवतो ते रंगीत दिसतं, अपमान नुसता. शेगडीचा पंखा. आणि एक आपलं — छोटंसं यंत्र. छोटंसंच. पंखा म्हण हवं तर. नाही, पंखा नाही, पण तसलंच. तू वॅट सांग, विजेच्या कुठल्या खोक्यावर किती वेळ चालेल ते सांग, यंत्राचं मी बघतो.

साध्या बॅटऱ्या? त्या मी जन्मभर वापरल्या. तुझे वडील या काउंटरमागे उभे असायचे तेव्हापासून. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या घसरगाडीवर बांधायच्या, तळ्यावर न्यायच्या, त्या तिथल्या गारठ्यात अर्धमेल्या होणार, मग परत ओढत आणून गोठ्यात चार्जिंगला लावायच्या — कंबर मोडली माझी त्यात. आणि भरवसा काय त्यांचा? दिवा मंद झाला की कळायचं आता संपत आली. दिवा मंद झाला तर काही बिघडत नाही, माणूस कंदील लावतो. पण हे — हे मंद होऊन चालायचं नाही. आणि कंदील तर अजिबातच चालायचा नाही.

का म्हणजे? नाही चालायचा, एवढंच.

जनरेटरचं आणखी एक बघ. आपण सगळे काय करतो? खोपी ठोकळ्यांवर चढवली की चारी बाजूंनी बर्फ थापतो, वारा खालून शिरू नये म्हणून. मग त्या जनरेटरचा धूर, वारा फिरला की, त्याच फटीतून फरशीखाली येतो आणि मासेमारीच्या भोकांतून वर खोपीत. आपल्याला वाटतं ऊब आलीय, म्हणून डोळे मिटतायत. तुला मी काय सांगायचं, तू इथे धुराचा इशारा देणारी घंटी विकतोस. साध्या माणसाचं डोकं दुखतं त्याने. ज्याचा श्वास मुळातच — नाही, असू दे. जनरेटर नको. लांब ठेवू म्हणतोस? लांब ठेवला की पेट्रोल ओतायला तेवढं चालत जा, आणि एकदा का त्याचं नाक गोठलं की ओढ दोरी, ओढ दोरी. तेवढ्यात आत काय होईल?

ते सोलरचं पॅनेल दाखव. हे? हे एवढंसं? जानेवारीत आपल्याकडचा सूर्य क्षितिजावर पाय घासत जातो रे, वर येतोच कुठे! मला माहितीय, छपरावर लावायचं नाही, दक्षिणेच्या भिंतीला उभं टांगायचं, म्हणजे बर्फ साचत नाही आणि खालच्या बर्फाचाही उजेड मिळतो. मी वाचलंय सगळं. शेड उघडली तर पुस्तिकाच पुस्तिका आहेत. मार्नी म्हणते, बाबा, तुम्ही एवढा अभ्यास शाळेत केला असता तर! मुलगी माझी. आणि ही नवी लिथियम बॅटरीची पेटी गारठ्यात वीज देते पण भरून घेत नाही, म्हणून ती आत, बाकाखाली, उबेत ठेवायची. बरोबर? बघ. तू मला उंटावरून शेळ्या हाकणारा समजू नकोस. मला फक्त एवढंच पाहिजे — सकाळी निघालो, दिवसभर तिथे बसलो, आणि दिवेलागणीला वॉलाय मासा तोंड उघडतो तो तास दीड तास धरून, परत गाडीत येईपर्यंत — मध्ये कुठे, एकदासुद्धा, ते बंद पडता कामा नये. एकदासुद्धा.

काय बघतोयस हातावर? शाई आहे. अरे त्या यंत्राच्या बुडाशी आकडे लिहिलेत, कागद सापडेना म्हणून तळहातावर उतरवून आणलेत. दे, तुझा चष्मा दे. बघ, एवढे वॅट. हां. बरोबर ओळखलंस. तुझ्या आईलाही होतं का? असेल. म्हणजे तुला सांगण्यात काही अर्थ नाही की पंखा आहे. ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, जमत नाही मला. ऑक्सिजनचं यंत्र आहे. ॲर्डिसचं. बायकोचं रे, दुसऱ्या कुणाचं असणार!

गाडीत बसलीय ना ती. तेच तर बघतोय मघापासून. गाडीत ते सिगारेट पेटवायच्या भोकात घालून चालतं, म्हणून इंजिन चालू. आत ये म्हटलं तर म्हणाली, तू जा, तुम्ही दोघं तासभर बॅटऱ्यांवर बोलणार, मी इथे बरी आहे. तिच्यासमोर मला हे विचारताही आलं नसतं. तिला वाटतंय मी किडे आणि गळ घ्यायला आलोय.

तिला काही माहीत नाही. म्हणजे माझी काय तयारी चाललीय ते. खोपीतली जुनी उघडी शेगडी मी काढून टाकली, बाहेरून हवा घेणारी बंद शेगडी बसवली. तिच्या नळीजवळ ज्योत चालत नाही ना. दवाखान्यातल्या बाईंनी दहादा बजावलंय. तळण बाहेर काढलं. लोण्यात ती पर्च मासळी तळायची तिथेच, भोकाशेजारी, बर्फातून काढलेली पाचव्या मिनिटाला पानात, आता ते बाहेर मी करीन, करपवीन, पण करीन. तंबाखूचा पाईप सोडला. हसू नकोस. चाळीस वर्षांची सवय, सोडली. मार्नीला वाटतं तिच्या भाषणामुळे सोडला. वाटू दे.

आता तू विचारशील, मग एवढं केलंस तर तिला विचारलंस का, येतेस का म्हणून? विचारलं ना. दोनदा विचारलं. पहिल्यांदा थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, टर्कीची हाडं सूपला टाकत होती तेव्हा. म्हणाली, छे, मी कशाला, ते लटांबर घेऊन. बरं, पहिल्यांदा कोण हो म्हणतं? मग तळं नीट गोठलं तेव्हा दुसऱ्यांदा. म्हणाली, नको रे ऑर्डेल, उगाच तुला त्रास, तू जाऊन ये. तेही ठीक. दुसऱ्यांदाही आपण नकोच म्हणतो. तुझ्या वडलांच्या मयताच्या जेवणात मी केक कितव्यांदा विचारल्यावर घेतला? तिसऱ्यांदा. मन होतं पहिल्यापासून.

आणि जावई आमचा! टेक्सासचा. सोन्यासारखा पोरगा, पण त्याला एकदा 'केक?' म्हटलं की 'हो' म्हणतो आणि बशी पुढे करतो. ॲर्डिस पहिल्यांदा थक्कच झाली होती. तर या डस्टीने तिला एकदा, फक्त एकदा विचारलं, आई, यंदा तळ्यावर यायचंय का? ती अर्थातच नको म्हणाली. तर हा ओके म्हणाला! ओके म्हणाला आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना जाहीर करून मोकळा झाला — आईंना यंदा यायचं नाहीये. वर, चांगलं मन बघ हां त्याचं, मला जागा व्हावी म्हणून खोपीतलं तिचं बाक उचकटून घरी आणून ठेवलं. आपलं निळं बाक, तिने शिवलेल्या उशीचं. ते दारात बघितलं तिने. मग एकच तवा दुपारभर घासत होती. मी संध्याकाळी गुपचूप बाक परत नेऊन बसवलं.

मग तिसऱ्यांदा का नाही विचारत? तोंड उघडून विचारलं नाहीस पण डोळ्यांनी विचारतोयस, कळतं मला. सोपं वाटतं तुला? अरे, पहिलं नको म्हणजे रीत, दुसरं नको म्हणजे भीड. तिसऱ्यांदा नको म्हणाली तर ते खरं. मग चौथ्यांदा विचारायचं तोंड राहतं का माणसाला? तिसऱ्यांदा नको म्हणाली म्हणजे संपलं. यंदाचंच नाही, सगळंच. कारण पुढच्या हिवाळ्याचं त्या दवाखान्यातल्या बाई काही बोलत नाहीत. मार्नी विचारते तेव्हा त्या कागद सारखे करत बसतात.

रविवारी गेलो होतो एकटा. भिंतीवर गळाच्या दोराची दोघांची रिळं आहेत ना, तिच्या रिळाला तिने मांजराच्या गळ्यातली घंटी बांधून ठेवलीय, म्हणजे कुणाच्या गळाला लागला ते न बघता कळावं. मी सवयीने तिचाही गळ सोडला. अंधारायला लागलं आणि घंटी वाजली. वाजत राहिली. मी उठलोच नाही, लायल. मासा दोर घेऊन खाली गेला, सगळा दोर संपला, घंटी थांबली, तरी मी बसलेला. तिच्याशिवाय मला त्या खोपीत बसवत नाही रे. मासे धरायला मी कधी जात होतो? ती धरायची. मी भोकं पाडायचो आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. आपल्याकडे असलं बोलत नाहीत, मला माहितीय. तू ऐकलं नाहीस असं समज.

नको म्हटलं ना कॉफी. ओतू नकोस. कशाला उगाच.

भीती वाटते, दुसरं काय. एक भीती ती नाही म्हणेल याची. आणि दुसरी, ती हो म्हणेल, आणि तिथे बर्फाच्या मधोमध, काठापासून एवढ्या लांब, ते यंत्र गप्प होईल. नुसती टुक टुक करेल आणि गप्प. ती माझ्याकडे बघेल, आणि मी हातात कुठली तरी वायर धरून उभा. म्हणून मी ठरवलं, आधी वीज. वीज पक्की झाली की विचारायचं. मग ती त्रासाचं नाव काढायला लागली तर मी सांगणार, त्रास कसला, सगळं बसवून झालंय, तू फक्त बूट घाल. म्हणून म्हणतो, मला दोन पेट्या दे. एक चालू, एक राखीव. आणि ते पॅनेल. आणि एखादं असं काही दे की एक संपली तर मी डुलकीत असलो तरी दुसरी आपोआप सुरू होईल. असतं का असं? असतं? मग आधी का नाही बोललास! मी इथे केव्हाचा जनरेटरच्या नावाने बोटं मोडतोय आणि तू मूग गिळून बसलायस. तुझे वडीलही असेच होते.

वाकून काय शोधतोयस खाली? अरे, मांडणीवरचीच दे की, मला ती चालेल. ती कुणाची आहे? बाजूला ठेवलेली दिसतेय, चिठ्ठी लावलीय वर. दुसऱ्याची वस्तू मला नको, तो बिचारा येईल आणि —

हे काय लिहिलंय?

ॲर्डिस लिहिलंय.

कधी? फोन? तिने केला? मी रविवारी तळ्यावर असताना? काय म्हणाली — नीट सांग रे, गिळू नकोस शब्द. दिवेलागणीनंतर परत येईपर्यंत पुरेल का, असं विचारलं? तस्संच? आणि राखीव पेटीचंही तिनेच सांगितलं, म्हणजे ऑर्डेलच्या जिवाला घोर नको म्हणून? म्हणजे मी तिथे तिची घंटी ऐकत मुकाट बसलो होतो तेव्हा ही इथे... आणि तू मला एवढा वेळ बोलू दिलंस! कॅमेरा, पंखा, जावई, काय काय ओकलो मी तुझ्यासमोर! तिने सांगू नकोस म्हणून बजावलं होतं? का? काय म्हणाली?

तो विचारेल की, म्हणाली.

तो विचारेल. आणि मी महिनाभर शेडमध्ये पुस्तिका वाचत बसलोय. दोनदा नको म्हणून ती मनात बूट घालून बसलीय, आणि मी — बघ, बघ तिकडे, काच पुसतेय आतून. इकडेच बघतेय. तिला दिसतोय का रे मी? डोळे लाल झालेत का माझे? बाहेर गारठा आहे, म्हणून झाले म्हणेन.

पेट्या इथेच राहू देत, मागून नेतो. आधी विचारून येतो. नाही, किडे नको, गळ नको, काही बांधू नकोस. टोपी कुठे टाकली मी? दे. कॉफी? नको रे. हे तिसऱ्यांदा म्हणतोय, म्हणजे खरंच नको. बाजूला हो, दार सोड.